भोक क्रमांक अकरा

महेंद्र सरांच्या जीपला ब्रेक नव्हता असं जो कोणी सांगेल तो खोटारडा समजावा. ब्रेक होता. उलट चारचौघांच्या गाडीला एक ब्रेक असतो, या जीपला तीन होते. एक दाबला की लागणारा, दुसरा दाबूनही न लागणारा आणि तिसरा कोणी पाय न लावता आपल्या मर्जीनं लागणारा. यातला कोणता कोणत्या वेळी कामावर हजर असेल, एवढंच काय ते सांगता येत नसे. खर्ड्याच्या बाजारतळावर या जीपनं एकदा चार शेळ्या, एक फुगेवाला आणि एक माजी उपसरपंच एवढ्यांना एकाच उडीत ओट्यावर चढवलं होतं. आणि पुढच्या चौकात, सरांचा पाय हवेत असताना, अशी गच्च थांबली की ढकलणाऱ्या सहा जणांपैकी दोघांच्या चपलांचे अंगठे तुटले. ही ऐकीव गोष्ट नाही. त्यातली एक चप्पल माझी होती.

दुसरा कोणी असता तर त्यानं गाडी भंगारात घातली असती. पण महेंद्र सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे ते बावीस वर्षं अकरावीला सांगत आलेत आणि उदाहरण म्हणून दर वर्षी फळ्यावर गाडीचा ब्रेक काढतात. फळ्यावरचा ब्रेक आजवर एकदाही फसलेला नाही. दारातला फसतो ही बातमी वर्गात पोचली, आणि सर खडू घेऊन वळले की मागच्या बाकावरून कोणीतरी अदबीनं विचारायचं, "सर, चाकाखाली दगड लावू का?"

शिवाय जीप सासऱ्यांची. सहादूबाबा पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. तीस वर्षं जी गाडी हाकली तीच त्यांनी निवृत्तीनंतर लिलावात घेतली, आणि आता गुडघे दाद देईनात म्हणून थोरल्या जावयाला दिली. देताना बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, माझ्या हातात ही एकदाबी फसली न्हाई. गाडी वाईट नसती. मानूस निसंगळ, गबाळा असतो." धाकटे जावई संदीप तिथंच उभे होते. संदीपचे सोनईला तीन टेम्पो आहेत आणि गाडीतलं आपल्याला सरांपेक्षा जास्त कळतं, हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलेलं नाही. नुसते हसतात. साडूचं हसणं फार वाईट.

त्या हसण्याला उत्तर म्हणून सरांनी पहिल्याच रविवारी जीपची शास्त्रशुद्ध तपासणी केली. हातात टॉर्च, कानाला पेन, गुडघ्याखाली गोणपाट. गाडीत जिथं जिथं फट, भेग, भोक किंवा पाझर दिसला त्याला वहीत नंबर दिला आणि हार्डवेअरच्या दुकानातली दोन पुड्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, कालवून ते बुजवलं. वर हिरवा रंग मारला. एकूण सतरा भोकं. काम इतकं सफाईदार झालं की कुठं लांबी आहे आणि कुठं पत्रा, हे सरांनाही वही उघडल्याशिवाय सांगता येईना. शेजारचे आप्पासाहेब बघून म्हणाले, "सर, आता ही नदीत घाला. नाव व्हईल."

ब्रेकची कुरकुर सुरू झाली ती त्याच आठवड्यात. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

आप्पासाहेब साखर कारखान्यात उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लावायचे. म्हणजे चाकं असलेल्या कोणत्याही वस्तूवर बोलायचा त्यांना अधिकार होता. रोज सकाळी दात घासत ते कुंपणापाशी येत आणि तोंडातल्या फेसातून निदान करीत. पहिल्या दिवशी म्हणाले, ब्रेकला थंडी बाधते, पोतं गुंडाळा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ऊन बाधतं, पोतं काढा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. "बैलगाडीला ब्रेक असतो का? न्हाई. मग बैल कसा थांबतो? सवयीनं. तुमी रोज एकाच जागी थांबवा, आपोआप सवय लागंल."

"आप्पासाहेब, हे यंत्र आहे."

"बैल तर जितं यंत्र हाय. त्याला कळतं ते हिला कळंना व्हय?"

सरांच्या पत्नी यशोधराबाई आरोग्य केंद्रात नर्स आहेत. माणूस मरणाच्या दारात असला तरी त्यांचा आवाज चढत नाही. त्यांनी वाद न घालता दवाखान्यामागून एक तिरपा, पाचरीसारखा दगड निवडून आणला आणि जीपमध्ये बसताना तो मांडीवर घ्यायला सुरुवात केली. मांडीवर पर्स, पर्सवर दगड. गाडी मंदावली की त्या उतरायच्या, दगड चाकाखाली सारायच्या, पदर झटकायच्या आणि ड्युटीवर जायच्या. गावात कोणी विचारलं तर सांगायच्या, "यांचा हँडब्रेक मी आहे."

मेस्त्री ज्ञानेश्वर हा या भानगडीतला सगळ्यात दुर्दैवी जीव. सर त्याच्याकडे गाडी नेत, म्हणजे गाडी सरांना तिकडे नेई. ज्ञानेश्वर आधी काय करायचा, तर ड्रायव्हरच्या पायाखालची पत्र्याची छोटी झडप उचलून, खालच्या ब्रेक ऑईलच्या भांड्याचं झाकण फिरवून उघडायचा. फुस्स असा बारीक आवाज यायचा. तेल बघायचा. तेल भरपूर. झाकण लावून गाडी चालवायचा आणि ब्रेक दाबायचा. जीप अशी उभी राहायची की त्याचं कपाळ काचेला टेकायचं.

"सर, ब्रेक तर फस्टक्लास हाय."

"आता आहे. काल नव्हता."

"काल मी नव्हतो."

अकरा वेळा हे असंच झालं. ज्ञानेश्वरनं ब्रेकचे लायनर बदलले, रबरं बदलली, पाइप बदलले, नळ्यांतली हवा काढली. प्रत्येक कामाआधी झाकण उघडलं, प्रत्येक वेळी फुस्स झालं आणि प्रत्येक वेळी ब्रेक गुणी पोरासारखा वागला. शेवटी तो सरांकडे ज्या नजरेनं बघू लागला ती नजर सरांनी ओळखली. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे ते स्वतः तसंच बघत.

आप्पासाहेबांचं मत पडलं, "ब्रेक लाजतोय. परक्या मान्सापुढं नीट वागतो. आमच्या थोरल्या सुनंचं बी तसंच हाय." हे वाक्य सुनेनं ऐकलं. आप्पासाहेब दोन दिवस कुंपणापाशी आले नाहीत. तेवढीच सरांना विश्रांती.

मग पासिंगचं आलं. जुन्या गाडीचं पासिंग म्हणजे जिल्ह्याच्या गावी जाऊन, आपण आणि आपली गाडी दोघंही अजून हयात आहोत हे पटवून देणं. कागदावर गाडीचा रंग खाकी आणि गाडी हिरवी, म्हणून आधी हिरव्याचा अर्ज. अर्जावर जुन्या मालकाची सही हवी, आणि कागदावर जुना मालक अजून खातंच. खात्यानं सही करायची तर ज्या ऑफिसानं गाडी विकली ते ऑफिस हवं, आणि ते पाच वर्षांपूर्वीच दुसऱ्या ऑफिसात विलीन झालेलं. सरांनी चार फेऱ्या घातल्या. पाचव्या फेरीला तपासणीची पाळी आली. सोबत आलेल्या ज्ञानेश्वरनं शेवटचं म्हणून झाकण उघडून तेल पाहिलं. इन्स्पेक्टर शेजारी बसले. सरांनी डोळे मिटून पाय दाबला. जीप जागच्या जागी खिळली, इन्स्पेक्टरांचा गॉगल बोनेटवर जाऊन पडला. त्यांनी तो पुसला आणि कागदावर लिहिलं, "ब्रेक उत्तम."

सहीशिक्क्यासाठी दोन तास गेले. जीप निवांत गार झाली. सर कागद खिशात घालून बाहेर निघाले आणि फाटकासमोरच्या रसवंतीत शिरले. गाडीसह. माणसं बाजूला उडाली, कोणाला खरचटलंही नाही, पण चरकाचं लाकडी चाक फिरत फिरत रस्ता ओलांडून गेलं. सरांनी उतरून आधी तो कागद रसवाल्याला दाखवला. रसवाल्यानं तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "कागद बराबर हाय. गाडीला बी वाचून दाखवा."

त्याच संध्याकाळी सहादूबाबांचा फोन आला. नातीचं, म्हणजे मुलाच्या मुलीचं, जयमालाचं लग्न रविवारी चिंचदऱ्याला. नवरी मांडवात आपल्या जीपमधून येणार, हे बाबांनी तिच्या बारशाला ठरवून ठेवलेलं. "शनिवारी गाडी घिऊन या. तुमची सासू बी खर्ड्यात बाजाराला आलीय, तिला आना. आनि जावईबापू," बाबा थांबले. "संदीपराव म्हनत्यात, ब्रेक लागत न्हाई."

"किरकोळ आहे, बाबा."

"ब्रेकात किरकोळ नसतं. मी मांडवापुढं बघनार. लागला तर गाडी तुमची. न्हाई लागला तर संदीपराव टेम्पोला बांधून सोनईला नेतील, ती कायमची. पोरगी त्यांच्या टेम्पोतून यील मांडवात. फुलं लावू त्याला."

रात्री सरांना झोप लागली नसावी, पण ते मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

शनिवारी सकाळी ज्ञानेश्वरनं तेराव्यांदा झाकण उघडलं, फुस्स झालं, ब्रेक लागला. त्या भरवशावर सर निघाले. आप्पासाहेबांनी उसाच्या ट्रॅक्टरची साखळी मागे टाकली, "लागली तर झाडाला बांधायला" म्हणून. पुढं यशोधराबाई, मांडीवर पर्स, पर्सवर दगड. मागच्या फळीवर सासूबाई कलाबाई, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना लग्नाच्या स्वयंपाकाचे तेलाचे दोन पत्र्याचे डबे, पंधरा पंधरा किलोचे, बाजारातून आणले तसे बंद.

सपाटीला ऊन तापलं तसा तिसरा ब्रेक कामावर आला. पाय न लावता जीप जड जड झाली. चाकांतून करपल्याचा वास येऊ लागला. सरांनी घाटाच्या तोंडाशी गाडी लिंबाखाली उभी केली. तास दीड तास थांबले. चाकं गार झाली. जीप अडवणारं आता काही राहिलं नाही, म्हणून सर खूश झाले. माणसानं कुठं खूश व्हावं याला काही सुमार असतो.

चिंचदऱ्याचा घाट लांबीला फार नाही. पण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि मध्ये रस्ता इतका अरुंद की समोरून बैल आला तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पहिल्या वळणाला सरांनी ब्रेक दाबला. अर्धवट लागला. दुसऱ्या वळणाआधी दाबला. पाय पत्र्याला टेकला.

त्यांनी उचलून परत दाबला. पत्रा. परत. पत्रा. पाच वेळा, सहा वेळा. पायाखाली जणू भिजलेला बोळा होता. जीप दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि उतार सुरू झाला होता.

"अहो," यशोधराबाई शांतपणे म्हणाल्या, "उतरू का?"

"बसून राहा."

"दगड?"

"दगड धरून बसून राहा."

सरांनी पहिला गिअर घालायचा प्रयत्न केला. आतून दात खाल्ल्याचा आवाज आला. गिअर पडेना. वळण समोर आलं. दरीकडच्या बाजूला कठड्याच्या जागी चुना फासलेले तीन दगड होते, त्यातला मधला कोणाच्या तरी गाडीबरोबर आधीच गेलेला. हँडब्रेक ओढला, तो हातात आला. पुढून एसटीचा हॉर्न ऐकू आला. एसटी दिसत नव्हती. वर येत होती एवढं कळत होतं. सरांच्या डोक्यात या वेळी काय यावं? संदीपचं हसणं. त्यांना स्पष्ट दिसलं की दरीच्या तळाशी संदीप उभा आहे आणि म्हणतोय, साडूभाऊ, मी काय म्हणत होतो?

त्या संतापात गिअर पडला. जीपनं कण्हून वेग तोडला, पण थांबली नाही. एसटीचं लाल तोंड वळणावर उगवलं. डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामाचा मुरमाचा ढीग पडला होता. सरांनी स्टिअरिंग तिकडे पुरतं पिळलं आणि जीप ढिगात घातली. मुरूम बोनेटवर चढला, गाडी हबकून थांबली, एसटी एका वितीवरून निघून गेली. ड्रायव्हरनं खिडकीतून सरांच्या शिक्षणाबद्दल काहीतरी विचारलं.

मग यशोधराबाई उतरल्या, चाकाखाली दगड लावला आणि नवऱ्याची नाडी धरली. "एकशे चाळीस," त्या म्हणाल्या. "बसा."

पण सर बसले नाहीत. मागं डबा आडवा झाला होता आणि फळीतून वर आलेला एक खिळा त्याच्या खालच्या अंगात घुसला होता. धक्क्यानं फळी सरकली होती, खिळा निसटून बाहेर आला होता आणि डब्याला चांगलं बोरूच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. उद्या चारशे पानं जेवायची आणि तेल चाललं रस्त्यावर. सर धावले, भोकावर अंगठा दाबून बसले. "आई, फडकं द्या. लांबी द्या. काहीतरी द्या."

कलाबाई पदरानं तोंडावरची धूळ पुसत होत्या. "काडा अंगठा."

"तेल जाईल सगळं."

"काडा म्हंते ना."

सरांनी भीत भीत अंगठा काढला. चार थेंब पडले. मग पाचवा भोकाच्या तोंडाशी येऊन लटकला, आणि लटकूनच राहिला. तेल येईना. काठोकाठ भरलेला डबा, खाली उघडं भोक, आणि तेल येईना.

"बंद डब्यातनं एका भोकानं कुठं तेल येतंय?" कलाबाई म्हणाल्या. "वारं आत जायला दुसरं भोक नगं का? ते पाडू तवा यील. शिकल्याल्या मान्सास्नी मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागतंय."

सर त्या लटकलेल्या थेंबाकडे बघत राहिले. हवेचा दाब. धडा तिसरा. वर्गात ते हेच बिस्किटाच्या डब्यावर करून दाखवत. एका भोकानं पाणी थांबतं, दुसरं पाडलं की वाहतं, आणि दर वर्षी म्हणत, मुलांनो, हे घरी जाऊन आईला विचारा.

कोणाचीही आई यायची वाट न बघता ते पायाखालच्या झडपेकडे धावले. ब्रेक ऑईलचं झाकण फिरवलं. फुस्स. ज्ञानेश्वर हे झाकण उघडत होता म्हणून आत हवा जात होती, म्हणून त्याच्यापुढं ब्रेक लागत होता. झाकण बंद राहिलं की भांड्यातलं तेल कोंडायचं. गाडी तापली की फुगून आपणहून ब्रेक आवळायचं, गार झाली की ओढलं जायचं आणि पायाखाली पोकळी. त्यांनी झाकण उन्हात धरलं. मधोमध, रंगाखाली, एक इवलासा गोल उंचवटा. वही गाडीतच होती, पण उघडायची गरज नव्हती. भोक क्रमांक अकरा. शेरा त्यांच्याच अक्षरात होता, "झाकणास बारीक छिद्र, तेल पाझरते. बुजवले."

कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं हवेचं भोक बावीस वर्षांच्या अनुभवी फिजिक्सच्या सरांनी लांबीनं बंद केलं होतं. वर रंगही दिला होता.

फळीतला तोच खिळा त्यांनी रस्त्याकडेच्या दगडानं ठोकून काढला आणि झाकण बोनेटवर उलटं धरून लांबी फोडली. यशोधराबाई बघत होत्या. नर्सला निकाल रुग्णाच्या तोंडावर दिसतो.

मग जीप ढिगातून मागं काढली. सरांनी वरच्या सपाट तुकड्यावर वीस वेळा ब्रेक दाबून पाहिला आणि उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, प्रत्येक दहा हातांवर थांबत उतरले. प्रत्येक वेळी ब्रेक लागला. प्रत्येक वेळी यशोधराबाई दगड घेऊन उतरल्या. विश्वास ही वेगळी गोष्ट आहे.

चिंचदऱ्यात मांडवापुढच्या उतारावर सहादूबाबा उभे होते. बाजूला संदीप, दोराचं वेटोळं खांद्याला लावून. टेम्पोला अर्धी झेंडूची माळ घालून झाली होती. "साडूभाऊ, जय भीम," संदीप म्हणाले. आणि हसले.

बाबांनी डोक्यावरची नवी कोरी पांढरी टोपी काढली आणि उतारावर रस्त्याच्या मध्यावर ठेवली. "वरनं या. तिसऱ्या गिअरला. या चिंचंपाशी आल्यावर दाबायचा, आधी न्हाई. टोपीला चाक लागलं की गाडी सोनईची."

सर वर गेले. यशोधराबाई आणि कलाबाई उतरल्या. सरांनी गाडी सोडली. दुसरा, तिसरा. चिंच जवळ आली. मांडवातली माणसं कामं टाकून उभी राहिली. नवरी जयमाला हाताला मेंदी लावून खिडकीत आली. चिंच आली. सरांनी दाबला.

जीप थांबली. धूळ पुढं गेली, टोपीवर बसली आणि हळूहळू खाली आली. पुढचं चाक आणि टोपी यांच्यामध्ये बाबांनी चार बोटं घालून पाहिली. तीन मावली.

पण जुना ड्रायव्हर एवढ्यावर मानत नाही. बाबा गुडघे धरत आत शिरले, झडप उचलली, झाकण फिरवलं. या वेळी फुस्स झालं नाही. त्यांनी झाकण डोळ्यांपाशी नेलं. भोकाच्या कडेला लांबीचा कपचा अजून चिकटून होता. तो सरांनाही दिसला. घाटात जीव जाणार होता. इथं तर सगळी इज्जतच.

"काय सापडलं, बाबा?" संदीपनं मान घातली.

बाबांनी झाकण घट्ट बसवलं. "काय न्हाई. जावईबापूंनी बारीक काम केलंय. गाडी हाय तिथंच ऱ्हाईल. तुमी त्या टेम्पूची माळ काडा आनि हितं लावा."

संदीप दोर घेऊन गेले. हसत नव्हते. बाबा मात्र हलले नाहीत. ओठ न हलवता म्हणाले, "लांबी व्हय?"

सरांनी मान डोलावली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मीच लावली, बाबा."

"मी त्याच भोकाला मेनबत्तीचं मेन लावलं हुतं," बाबा बोनेटकडे बघत म्हणाले. "ब्याण्णव साली. मोठ्या सायबासकट कॅनॉलात गेल्तो. कुटं बोलू नका."

"मग तेव्हा तुम्हाला कारण कळलं कसं?"

बाबांची नजर फक्त चुलाणाकडे गेली. तिथं कलाबाई दुसरा, साबूत डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात यशोधराबाईंचा दगड. त्यांनी डब्याच्या एका कोपऱ्यात खिळा ठोकला. ठक. मग मान वर केली, जीपपाशी उभ्या असलेल्या दोघा ड्रायव्हरांकडे सावकाश पाहिलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात ठोकला. ठक.

"एक तेलाला, एक वाऱ्याला," त्या पुऱ्या लाटणाऱ्या पोरींना म्हणाल्या. पोरी हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. एवढ्या मोठ्यानं सांगायची खरं तर काही गरज नव्हती.

बाबांनी टोपी उचलून झटकली. "चला जावईबापू, मांडवाचे खांब बघू."

मांडव सकाळीच पक्का झाला होता. पण सासरे आणि जावई दिवस मावळेपर्यंत एकेक खांब हलवून बघत होते.